तिसरा परिच्छेद

“आता किती?” बाईंनी फोनवर विचारलं.

“एकोणीस. कालपासून चार वाढले.” वसतिगृहाच्या रेक्टरबाईंचा आवाज पार बसला होता. “दोघींना सलाईन लावलंय. डॉक्टरबाई म्हणतायत, घाबरण्यासारखं काही नाही. पण परवापासून त्या हेच म्हणतायत.”

“आणि पाण्याचा रिपोर्ट?”

“आज दुपारी येईल म्हणे.”

बाईंनी फोन ठेवला. गॅसवरचा चहा उतू जाऊन ओट्यावर पसरला होता. त्यांनी तो फडक्याने पुसला, पुन्हा केला नाही. यजमान काळा चष्मा लावून दारात उभे होते. महिन्यापूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

“काही पोटात ढकलून तरी जा,” ते म्हणाले.

“आल्यावर बघू.”

“दोन दिवस तू हेच म्हणतेयस.”

बाईंनी चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडल्या.

बाई विद्यापीठात कुलगुरूंच्या कार्यालयात लघुलेखिका होत्या. एकोणतीस वर्षं एकच टेबल. आतल्या केबिनमधली माणसं बदलत गेली. आताचे कुलगुरू सहावे. दर महिन्याच्या एक तारखेला कुलगुरूंचं पत्र निघायचं. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं, पोहण्याच्या तलावाची गळती थांबली की नाही, कोणाला बक्षीस मिळालं, कोणता प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला, तळ्यातल्या बदकांना पाव का घालू नये, असं सगळं त्यात असायचं. पूर्वी ते नोटीस बोर्डावर लागायचं, आता बारा हजार जणांच्या मोबाईलवर जायचं. सही कुलगुरूंची असली तरी भाषेची राखण बाईंकडे. एक कुलगुरू प्रत्येक वाक्यात ‘निःसंशय’ घालायचे. बाई निमूटपणे तेवढे सगळे निःसंशय काढून टाकायच्या. दुसऱ्या एका कुलगुरूंना झाडांपलीकडे काही दिसायचंच नाही. त्यांच्या पत्रात माणसांना जागा करून देणं हे बाईंचं काम. विरामचिन्हांवरून त्या भल्याभल्या प्राध्यापकांशी हुज्जत घालायच्या, म्हणून त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘स्वल्पविरामबाई’ म्हणत. हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट थोडं बरंच वाटायचं.

विरामचिन्हांपेक्षा मोठा असा त्यांचा एकच नियम होता. कागद असेल तरच वाक्य. ग्रंथालयाची वेळ वाढली असेल तर ग्रंथपालांचा आदेश समोर हवा. बक्षीस मिळालं असेल तर त्याची प्रत हवी. कुलगुरूंनी स्वतः सांगितलं तरी बाई पेन खाली ठेवून विचारायच्या, “सर, कागद?”

एकोणतीस वर्षांत हा नियम एकदाच मोडला होता. गेल्याच महिन्यात.

त्या दिवशी यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि बाईंना साडेचारला निघायचं होतं. पत्र तयार होतं, फक्त तिसरा परिच्छेद अडला होता. वसतिगृहांच्या टाक्या सुट्टीत धुतल्याचं पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरांनी कळवलं होतं. त्यांना सगळे टाकीसाहेब म्हणत. पाणी तपासल्याचा कागद मात्र त्यांच्याकडून आलेला नव्हता. बाईंनी त्यांना फोन लावला. “होऊन जाईल हो बाई, तुम्ही लिहून टाका,” टाकीसाहेब म्हणाले होते. घड्याळात चार वीस झाले होते. बाईंनी लिहून टाकलं: ‘वसतिगृहांच्या सर्व टाक्या धुण्यात आल्या असून पाण्याची तपासणी पूर्ण झाली आहे.’

परवा बुधवारी दुपारी पहिल्या सहा मुलींना उलट्या सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा बाईंना दुसरं काही आठवलं नाही. फक्त ते वाक्य आठवलं. त्यातला प्रत्येक शब्द.

कार्यालयात जाण्याआधी त्या आरोग्य केंद्रात गेल्या. लांबट खोलीत दोन्ही भिंतींना खाटा लावल्या होत्या आणि फिनेलचा वास नाकात जात होता. दाराजवळच्या खाटेवर एक बारीकशी मुलगी उशीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, पण डोळे टकटकीत.

“तुम्ही कुलगुरूंच्या ऑफिसातल्या ना?” तिने विचारलं. “प्रवेशाच्या वेळी माझं नाव तुम्हीच नीट करून दिलं होतं. सगळीकडे ऱ्हस्व पडत होतं.”

“आता कसं वाटतंय?”

“काल मेले असं वाटत होतं. आज भूक लागलीय.” ती जरा हसली. “आई फोनवर सारखी ओरडतेय. ती म्हणत होती, विकतचं पाणी पी. मीच म्हटलं, कशाला पैसे घालवायचे, कुलगुरूंचं पत्र आलंय, पाणी तपासलंय म्हणून. वाचूनसुद्धा दाखवलं तिला.”

बाईंनी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. “विश्रांती घे,” एवढंच त्या म्हणाल्या. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

टाकीसाहेब त्यांना पंपघराच्या दाराशी सापडले. दोन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

“साहेब, नमुने कोणत्या तारखेला पाठवले होते?” बाईंनी विचारलं. “गेल्या महिन्याचे.”

टाकीसाहेबांनी नजर पंपाकडे वळवली.

“पाठवलेच नव्हते.”

“तुम्ही म्हणालात, होऊन जाईल.”

“पाठवणारच होतो. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, तपासणी पूर्ण झाली आहे.” त्यांनी डोकं खाजवलं. “खरं सांगू का बाई, वाचून मलाच वाटलं, झाली असेल. खालच्या कोणीतरी करून टाकली असेल. कुलगुरूंच्या पत्रात आलं म्हटल्यावर कोण शंका घेतो?”

बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. आपलं वाक्यच कागद होऊन तपासणीच्या आड उभं राहिलं, हे त्यांना त्या ओल्या, घरघरणाऱ्या खोलीत लख्ख कळलं.

साडेदहाला त्या कुलगुरूंच्या केबिनमध्ये गेल्या. आत कुलसचिव बसलेले होते. पालकांना आजच्या आज पत्र जायला हवं होतं आणि त्यात काय असावं यावर दोघांचं बोलणं चाललं होतं.

“सर, मला आधी एक सांगायचंय,” बाई म्हणाल्या आणि उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशनचं सोडून. ते सांगितलं असतं तर सबब झाली असती.

कुलगुरू आठ महिन्यांपूर्वीच आले होते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, बोलण्याआधी चष्मा काढून पुसायची सवय. आजही त्यांनी तो पुसला.

“म्हणजे पाणी तपासलं नव्हतं आणि मी सगळ्यांना सांगितलं की तपासलंय.”

“तुम्ही नाही सर, मी.”

“हे बाहेर कोणाला माहितीये?” कुलसचिवांनी विचारलं.

“टाकीसाहेबांना.”

“मग घाई नको करायला. मी म्हणतो, आजच्या पत्रात पाण्याचा विषयच नको. मुलांची प्रकृती सुधारतेय, एवढं पुरे.”

कुलगुरूंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “रिपोर्ट तीन-चारपर्यंत येईल. बुधवारीच डॉक्टरांनी टाक्यांचं पाणी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलंय. बाई, तुम्ही दोन पत्रं तयार ठेवा. पाणी खराब निघालं तर एक, चांगलं निघालं तर दुसरं.”

बाई टेबलाशी बसल्या. एकोणतीस वर्षांत इतकी जड पत्रं त्यांनी लिहिली नव्हती. पहिल्यात टाक्या बंद, बाहेरून पाणी, सगळ्या मुलांची तपासणी. दुसऱ्यात दिलासा, काळजीचं कारण नाही, डॉक्टरांचे आभार. लिहिता लिहिता मधूनच त्यांना ती खाटेवरची मुलगी दिसायची, आईला पत्र वाचून दाखवणारी. बाराला रेक्टरबाईंचा फोन आला, आकडा तेवीसवर गेला होता. एकाला तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं चाललं होतं. बाईंनी डबा उघडला, बघितला आणि परत बंद केला. यजमानांनी पोळीची गुंडाळी करून तो मागाहून शेजाऱ्यांच्या हाती पाठवला होता.

पावणेतीनला रेक्टरबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या धापा टाकत होत्या.

“अहो, ते नवे चार जण आलेत ना, त्यातले दोघे वसतिगृहात राहतच नाहीत. गावात घरी राहतात. आमच्या टाकीतलं पाणी ते पितच नाहीत.”

बाई ताठ बसल्या. “मग?”

“तेच तर. डॉक्टरांनी मग एकेकाला खोदून विचारलं. तेवीसच्या तेवीस विद्यापीठाच्या नाटकातले आहेत. मंगळवारी तालमीला क्रीमच्या पेस्ट्र्यांचे खोके आणले होते, ते दिवसभर खिडकीत उन्हात पडलेले. संध्याकाळी सगळ्यांनी ताव मारला. एकट्या प्रॉम्प्टरला काही झालं नाही, त्याला क्रीम आवडत नाही.” त्या रडत होत्या की हसत होत्या कळत नव्हतं. “परवापासून विचारतोय, काय खाल्लंत म्हणून, तर म्हणे मेसमधलं जेवण. तालमीत खायला बंदी आहे ना, म्हणून बोलले नाहीत लबाड.”

“आणि ज्याला हलवणार होते तो?”

“नाही हलवत. उठून बसलाय. सूप मागतोय.”

चारला प्रयोगशाळेचा कागद आला. बाईंनी तो स्वतःच्या हाताने छापून घेतला आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचला. सहा टाक्या, सहा नमुने. पिण्यास योग्य. पिण्यास योग्य. सहा वेळा. कागद घेऊन त्या केबिनकडे निघाल्या आणि मधल्या पॅसेजमधल्या बाकावर एकदम बसल्या. दोन दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलला की आधी श्वास कसा घ्यायचा हेच उमगत नाही, तसं झालं. शिपाई पाणी घेऊन आला. त्या ते घटाघटा प्यायल्या आणि त्यांना हसू आलं. मग डोळे पुसून, पदर सारखा करून त्या आत गेल्या.

कुलगुरूंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. कुलसचिव तर चक्क टाळी देण्यासाठी हात पुढे करून बसले, मग टाळी कोणी दिली नाही म्हणून तो हात त्यांनी फाईलवर ठेवला.

“सुटलो,” ते म्हणाले. “द्या बाई ते दुसरं पत्र, पाठवून टाकू.”

बाईंनी दोन्ही पत्रं कुलगुरूंसमोर ठेवली. कुलगुरूंनी एक वाचलं, दुसरं वाचलं, परत पहिलं हातात घेतलं.

“दोन्हीत तिसरा परिच्छेद एकच आहे,” ते म्हणाले.

“हो सर.”

त्यांनी तो मोठ्याने वाचला. “‘गेल्या महिन्याच्या पत्रात पाण्याची तपासणी पूर्ण झाल्याचे म्हटले होते. ते खरे नव्हते. तपासणी झालेली नसताना कार्यालयाकडून तसे लिहिले गेले. ज्यांनी त्या वाक्यावर विश्वास ठेवला त्यांची आम्ही माफी मागतो.’”

“अहो, पण आता कशाला?” कुलसचिव म्हणाले. “पाणी शुद्धच निघालं की. पहिल्या पत्रात ते ठीक होतं, यात काढून टाका.”

“आज शुद्ध निघालं,” बाई म्हणाल्या. “मी लिहिलं तेव्हा कोणाला माहीत होतं?”

“उगीच हात दाखवून अवलक्षण आहे हे.”

“साहेब, त्या मुलीने माझं वाक्य आईला वाचून दाखवलं होतं. पाणी चांगलं निघालं ते तिचं नशीब. माझ्यामुळे नाही निघालं.” बाईंचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी पत्रावरचा हात काढला नाही.

कुलगुरूंनी पेन उघडलं. ‘कार्यालयाकडून तसे लिहिले गेले’ यावर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘मी तसे लिहिले.’ खालचं ‘आम्ही माफी मागतो’ खोडून ‘मी माफी मागतो’ केलं.

“सर, चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या.

“आठ महिने तुम्ही माझी वाक्यं दुरुस्त करताय. एक तरी मला करू द्या.” ते पहिल्यांदाच हसले. “सही माझी असते ना? मग वाक्यही माझंच. आणि बाई, टाकीसाहेबांना सांगा, दर महिन्याला नमुने जातील. कागद तुमच्या टेबलावर येईल. नाही आला तर पत्रात तसंच लिहायचं, आला नाही म्हणून.”

पाच वाजून दहा मिनिटांनी पत्र गेलं. पहिला अर्धा तास उत्तरं नुसती धडधडत येत राहिली. बहुतेक आई-वडिलांची, आपापल्या मुलाचं नाव घालून विचारणारी. एका वडिलांनी तिसऱ्या परिच्छेदावरून खरमरीत लिहिलं होतं. बाईंनी ते कुलगुरूंसाठी वर काढून ठेवलं. एका आईने फक्त ‘सांगितलंत, बरं केलंत’ एवढंच लिहिलं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. पूर्णविराम नव्हता. त्यांनी मनातल्या मनातसुद्धा तो दिला नाही.

मग त्यांनी डबा उघडला. पोळी कडक झाली होती. खिडकीशी उभं राहून त्यांनी ती सगळी खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

समोर आरोग्य केंद्राचं दार उघडलं. डॉक्टरांनी बऱ्या झालेल्यांना सोडलं होतं. मुलं-मुली हळूहळू बाहेर पडत होती, प्रत्येकाच्या काखेत वसतिगृहातून आणलेली आपापली उशी. पाय अजून लटपटत होते म्हणून कोणी कोणाच्या खांद्यावर हात टाकला होता. हिरवळीच्या मधोमध एकीची उशी खाली पडली. तिला वाकवेना. पुढे गेलेले सगळे थांबले, एकाने मागे येऊन उशी उचलली, झटकली आणि आपल्या उशीवर ठेवून दोन्ही घेतल्या. मग ती सगळी पुन्हा चालू लागली, अगदी सावकाश, ऊन उतरत असलेल्या वसतिगृहाकडे.

शेवटचं कोणी आत जाईपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या.