जनरेटरचं रूट कॅनाल

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागच्या बोळात दोन जनरेटर शेजारी शेजारी राहत होते, आणि दोघांचं नशीब दोन टोकांचं होतं.

डॉक्टरबाईंचा जनरेटर पिवळाधमक होता. खाली चाकं, वर चकाकती मूठ, आणि पुढे एक हिरवं बटण. तो नणंदेच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी, स्वतःच्या दुकानातून आणून दिला होता. "वहिनी, तुमची आणि पेशंटची कुजबूजसुद्धा याच्यापेक्षा मोठी वाटेल," असं सांगून त्यांनी तो बाईंच्या गळ्यात मारला. दवाखान्यातल्या मदतनीस मावशींना तो इतका आवडला, की त्यांनी क्रोशाने त्याला जाळीदार झूल विणली, कडेला गुलाबी फुलं काढली आणि रोज सकाळी त्याच्यावरून मायेने फडकं फिरवलं. वीज क्वचितच जायची, त्यामुळे त्याला सुरू करायची वेळ काही महिन्यांत आली नव्हती. पेट्रोल मात्र भरलेलं होतं. मावशींच्या मते घरातल्या लेकराला उपाशी ठेवू नये.

दुसरा जनरेटर शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याचा. काळपट, जाडजूड, ठिकठिकाणी रंग उडालेला, एका बाजूला पोचा आलेला. त्याची आणि मालकाची रोज सकाळी एक मुलाखत व्हायची, ती डॉक्टरबाईंना खिडकीतून आपसूक ऐकू यायची.

"काय रे ए ढोल्या, तोंड उघड बघू! रात्रीत तेल ढोसलंस का माझं? नाक बघ कसं भरलंय, शी! शिंकर आधी. आता ऊठ, आणि रडलास तर भंगारात घालीन!"

मग दोरीचा एक हिसका, आणि ढोल्या धडधडत सुरू. वीज असली तरी लॉन्ड्रीवाला दोन इस्त्र्या त्याच्यावर लावून थोडा वेळ चालवायचा. बंद करताना पुन्हा आरडाओरडा व्हायचा. "ओक सगळं! एक थेंब पोटात ठेवायचा नाही!"

डॉक्टरबाईंनी एकदा तक्रारही केली होती. "अहो, माझे पेशंट दचकतात."

"बाई, यंत्राला लाज वाटली पाहिजे," लॉन्ड्रीवाला गंभीरपणे म्हणाला होता. "माझा आजवर एकदाही अडून बसला नाही. का? कारण त्याला आपली पायरी माहीत आहे. तुमचा तो पिवळा नवरदेव एक दिवस तुमच्या तोंडाला पाने पुसणार."

डॉक्टरबाई नुसत्या हसल्या होत्या.

तो दिवस उगवला तेव्हा खुर्चीत नेमके भावोजीच होते.

भावोजींची खालची डावी दाढ आठवडाभर ठणकत होती. त्यांनी लवंगा चघळल्या, गालाला पट्टी बांधली, बायकोवर खेकसून पाहिलं. दाढ बधली नाही. शेवटी नणंदेने त्यांना जवळजवळ ढकलतच दवाखान्यात पाठवलं. भूल दिली, तोंडाला रबराचा पडदा लावला, तोंड उघडं ठेवणारा चाप बसवला, आणि डॉक्टरबाईंनी दाढ वरून उघडली. आतली नस अर्धी काढून झाली होती. एवढ्यात बाहेर कुठेतरी धाडकन आवाज झाला. डोक्यावरचा दिवा गेला, ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर गप्प झाला, आणि बाईंच्या हातातलं ड्रिल केविलवाणं कण्हत थांबलं.

"ट्रान्सफॉर्मर उडाला!" लॉन्ड्रीवाला बोळातून आनंदाने ओरडला. "आता संध्याकाळपर्यंत बोंब!" पाठोपाठ ढोल्याची धडधड सुरू झाली.

भावोजींनी तोंड वासलेल्या अवस्थेतच हात वर करून सगळ्यांना धीर दिला. "हॅन्हा अहू हका. हनरेहर आहे."

"काय म्हणतात?" मावशी घाबरल्या.

"चिंता करू नका, जनरेटर आहे, असं म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. दाढांमध्ये हात घालून गप्पा मारण्याचा त्यांना एवढा सराव होता, की व्यंजनांची त्यांना गरजच उरली नव्हती.

मावशींनी झूल अलगद काढली आणि हिरवं बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. यावेळी टकसुद्धा नाही.

"हॅहरी उहरली," आतून आवाज आला. बॅटरी उतरली.

"बरं, मग दोरी ओढा," बाई म्हणाल्या. मावशींनी ओढली, मग स्वतः बाईंनी ओढली. चौथ्या की पाचव्या हिसक्याला पिवळ्याने घशात एक खाकरा काढला, दोन क्षण फडफडला आणि विझला. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

भावोजींना खुर्चीत राहवेना. ते उठून बोळात आले. गळ्यात निळा कागदी रुमाल, तोंडात चाप, हनुवटीवरून लाळेची धार, आणि डोळ्यांत मात्र अनुभवी दुकानदाराची ऐट. त्यांना पाहून इस्त्री करणारी माणसं खिडकीत गोळा झाली. भावोजींनी दोरी अशी काही ओढली, की दोरीबरोबर स्वतःच मागे जाऊन मावशींच्या अंगावर आदळले.

"शिव्या घाला!" लॉन्ड्रीवाल्याने खिडकीतून सल्ला दिला. "लाडाने चालत नसतो तो!"

डॉक्टरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली होती. भूल फार तर तासाभराची उरली होती. ती उतरली की उघड्या दाढेतली अर्धी नस जागी होणार, आणि भावोजींचा आवाज चार गल्ल्या ओलांडून नणंदेपर्यंत पोचणार. शेजारच्या ढोल्यावर धुलाईचं मशीन, इस्त्र्या सगळं लटकलेलं होतं, त्यावर आणखी काही चढवणं शक्य नव्हतं.

बाईंनी खाली वाकून पिवळ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. टाकीतून नळी येते, नळीवर तोटी, खाली वाटीसारखं भांडं. म्हणजे पेट्रोल इथे जमतं आणि इथून आत जातं. आणि हा सुरू होतो, पण तग धरत नाही. म्हणजे थोडं जातं, पुरेसं जात नाही.

"मावशी, पाना आणा. आणि इथे कोणी विडी ओढत असेल तर त्याला आधी हाकला."

त्यांनी तोटी बंद केली, वाटीचा स्क्रू काढला. आतून जे निघालं त्याला पेट्रोल म्हणणं कठीण होतं. पिवळट, चिकट, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. वाटीच्या मधोमध पितळेची एक बारीक नळी होती आणि तिच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. भोकात राळ जमून बसली होती. बाईंनी ती नळी सोडवून डोळ्याशी धरली, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर रूट कॅनाल आहे!"

आतून ट्रे आला. सगळ्यात बारीक फाइल, जिने दाढेच्या मुळातली नस काढतात ती, बाईंनी दोन बोटांत धरून त्या भोकात अलगद फिरवली. पितळ मऊ असतं, घाई केली तर भोक मोठं होईल, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दातही तसाच असतो. राळेचा एक दाणा निघाला, मग दुसरा. शेवटी त्यांनी नळी आभाळाकडे धरली आणि भोकातून उजेडाचा ठिपका दिसला. बोळातल्या सगळ्यांनी श्वास सोडला. भावोजींनी टाळ्याही वाजवल्या.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, नळी आणि वाटी परत बसवली, लॉन्ड्रीवाल्याने एक लिटर ताजं दिलं. दोरीचा हिसका दिला आणि पिवळा गुरगुरत सुरू झाला. कुजबुजीपेक्षा आवाज बराच होता, पण कोणी काढला नाही तो विषय.

बाई आत धावल्या. सगळी बटणं चालूच राहिली होती: एसी, उपकरणं उकळायचा डबा, दिवे. कॉम्प्रेसरने दम घेतला तसा पिवळा कळवळला, दिवे मिणमिणले आणि सगळं पुन्हा ठप्प.

आता डॉक्टरबाईंनी कमरेवर हात ठेवले. पिवळ्याच्या पाठीवर एक पत्र्याची पट्टी होती, ती त्यांनी आता वाचली. तिच्यावर दोन आकडे होते. मोठा आकडा जाहिरातीतला. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की एवढी ताकद काही क्षणांपुरती. कायमचा आकडा त्याहून बराच लहान.

"भावोजी, तुम्ही मला यातला कुठला आकडा सांगितला होता?"

भावोजी आढ्याकडे पाहू लागले. बोळाला आढं नव्हतं.

"बसा खुर्चीत."

बाईंनी एसी, उकळायचा डबा, पुढच्या खोलीतले पंखे, सगळं बंद केलं. आधी एकट्या कॉम्प्रेसरला सुरू होऊ दिलं, कारण सुरू होताना तोच अधाशासारखी वीज ओढतो. तो शांत झाल्यावर दिवा लावला. पिवळ्याने थोडी कुरकुर केली, पण धरून राहिला. बाईंनी ड्रिल उचललं. ते भावोजींच्या नाकापासून वीतभर अंतरावर घोंघावू लागलं.

"सुरू करण्याआधी एक विचारते. तुमच्या स्वतःच्या घरी कोणता जनरेटर आहे?"

भावोजींनी डोळे मिटले.

"हा पिवळा?"

मान आडवी हलली.

"मग?"

भावोजींनी रुमालाखालून एक बोट काढलं आणि भिंतीकडे दाखवलं. भिंतीपलीकडे ढोल्या धडधडत होता.

दाढ पुरी होईपर्यंत बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. ड्रिल हातात असलेल्या बाईचं मौन काय असतं, हे भावोजींनी पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं. दाढ भरून, पडदा आणि चाप काढून झाल्यावर ते उठून बसले. अर्धा ओठ लोंबत होता, पण बोलणं कळत होतं.

"वहिनी, पलीकडच्यासारखं यंत्र सावकाश फिरतं," ते म्हणाले. "याच्या अर्ध्या वेगानं. कमी फिरतं, कमी झिजतं. सिलिंडरला आतून लोखंडी अस्तर असतं. तेल कमी झालं तर आपणहून बंद पडतं, जळून मरत नाही. आणि सुटा भाग कुठल्याही दुकानात मिळतो."

"आणि हे तुम्हाला ठाऊक असताना घरच्या माणसाला हा पिवळा विकलात?"

"मी आधी तोच दाखवला होता तुम्हाला," भावोजी म्हणाले. "आठवून बघा. तुम्ही म्हणालात, शी, हा केवढा काळाभोर! दवाखान्याच्या दारात शोभणार नाही. पिवळा नाही का?"

डॉक्टरबाईंना आठवलं. खरंच तसं झालं होतं. त्यांनी भिंतीच्या रंगाशी जुळतो का, हेही पाहिलं होतं. घोळ आपल्यापासूनच सुरू झाला होता, हे त्यांना कडू औषधासारखं गिळावं लागलं.

"तरी आकडा खोटा होता," त्या ट्रे आवरत म्हणाल्या.

"आकडा खोटा होता," भावोजींनी निमूट कबूल केलं.

त्या संध्याकाळी वीज आल्यावर बाई लॉन्ड्रीवाल्याकडे गेल्या आणि त्याची मुलाखत पुन्हा पहिल्यापासून ऐकवायला लावली. तो खूश झाला. तोंड उघड, म्हणजे तो तेलाची पट्टी काढून बघत होता. नाक शिंकर, म्हणजे हवेची जाळी झटकत होता. ओक सगळं, म्हणजे पेट्रोलची तोटी बंद करून उरलेलं जळून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवत होता, म्हणून ढोल्याच्या भोकात राळ साचतच नव्हती.

"अहो, मग शिव्यांचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. "काम तर तुम्ही हातांनी करता!"

"हातांनी कसलं?" लॉन्ड्रीवाला दुखावला. "हात काय कोणीही लावेल. धाक लागतो बाई, धाक!"

बाईंनी वाद घातला नाही. पिवळा त्यांनी ठेवला. दर सोमवारी कॉम्प्रेसर लावून त्याला चालवायचं, तेल बघायचं, जाळी झटकायची आणि शेवटी उपाशी झोपवायचं, असं ठरलं. उपाशी झोपवणं मावशींच्या जिवावर आलं. पहिल्या सोमवारी त्यांनी चक्क पाठ फिरवली. त्यानंतर वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पिवळा एकाच हिसक्यात उठला. एसी मात्र त्याच्या नशिबात नव्हता तो नव्हताच. पेशंट घाम पुसत आ वासून बसले.

दाढ भरली त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, काय केलंस गं ह्यांचं? दुकानात आल्यागेल्याला पट्टीवरचा लहान आकडा वाचून दाखवतात. गिऱ्हाइकं निघून जायला लागली."

"जातात का सगळी?"

"निम्मी जातात. उरलेली परत येत नाहीत तक्रार घेऊन. त्यामुळे हे दुपारी झोप काढतात दुकानात." नणंदेने आवाज खाली आणला. "खरं सांगू? ह्यांच्या आणखी एकदोन दाढा किडल्या आहेत का बघ ना."

पंधरवड्याने भावोजी दाढेवर टोपी बसवून घ्यायला आले. डॉक्टरबाईंनी त्यांच्यापुढे दोन नमुने ठेवले. एक राखाडी, धातूची. दुसरी पांढरीशुभ्र, मोत्यासारखी.

"धातूची घ्या," बाई म्हणाल्या. "पातळ बसते, दात कमी घासावा लागतो, आणि चावायच्या दाढेला जन्मभर पुरते. पांढरीचा कधी टवका उडू शकतो. आणि दाढ इतकी मागे आहे, की तुम्ही जांभई दिलीत तरी कोणाला दिसणार नाही."

भावोजींनी धातूची टोपी हातात घेतली. वजन पाहिलं. उजेडात फिरवली. विचार केला. मग ती हळूच ट्रेमध्ये ठेवली.

"वहिनी," ते ओशाळं हसत म्हणाले, "पांढरीच बसवा."

डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले, दाढ घासून माप घेतलं आणि पुढच्या खेपेला पांढरी बसवली. भावोजी आरशापुढे उभे राहून गाल बोटाने ताणत, मान वाकडी करत ती शोधत राहिले, आणि दिसली तेव्हा लहान पोरासारखे खुलले.