आधी डबा खाली

एका अर्धविरामासाठी बारा चुका दाखवणाऱ्या यंत्राशी माणसाने बोलायचं तरी कसं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. चूक एक, ओरड बारा. आमच्या मोठ्या साहेबांची पद्धत अगदी हीच होती, पण ते निदान रिटायर तरी झाले.

मी लिफ्टचा मेकॅनिक. सात मजली इस्पितळ, चार लिफ्ट, एकतीस वर्षं. ग्रीसचा वास माझ्या कपड्यांतून जात नाही आणि जावा असं मलाही वाटत नाही. यंदा कंपनीने लिफ्ट चालवणारी जुनी पॅनलं काढून नवी बसवायला घेतली. नव्या पॅनलच्या पोटात सी नावाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम असतो म्हणे. म्हणून वरून हुकूम आला: सहा आठवड्यांनी परीक्षा. जो पास होईल तो पॅनलवर, जो नापास होईल तो पार्किंगच्या खोक्यात पावत्या फाडायला. एकतीस वर्षं लोकांना वर नेल्यावर मला जमिनीवर बसून दांडा उचलायचा नव्हता. मी परीक्षेच्या अर्जावर सही केली आणि पुतणीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना सी शिकवते. आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. माझा घरचा क्लास तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रोज दुपारी, माझी पहिली पाळी सुटल्यावर. समोरच्या खुर्चीत तिचा बाप, माझा दादा. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, म्हणून तो आडवी खुर्ची टाकून बसतो आणि काठी टेबलाला टेकवून ठेवतो. त्याला दुसरं काम नव्हतं, मला हसण्याचं काम त्याने आनंदाने घेतलं.

पहिल्या दिवशी मास्तरणीने मला पडद्यावर "नमस्कार" छापायला लावलं.

"कुणाला नमस्कार?" मी विचारलं.

"कुणाला नाही काका. नुसता पडद्यावर येतो."

"मग करायचा कशाला?"

"छोट्या, तू लिही," दादा म्हणाला. "मी घेतो तो नमस्कार."

मी लिहिलं. शेवटी अर्धविराम राहिला, आणि पडद्यावर ती बारा ओळींची बोंब. मी घाबरून हात वर केले. आमच्या धंद्यात एवढा आरडाओरडा झाला की कुणाचं तरी बोट गेलेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात तिने कप्पा शिकवला. म्हणजे संगणकाच्या आठवणीत एक जागा राखायची, तिला नाव द्यायचं आणि तिच्यात आकडा ठेवायचा. पूर्ण आकड्याच्या कप्प्याआधी int लिहायचं. इथवर मला पटलं, माझ्या हत्यारांच्या पेटीतही प्रत्येक पान्याची जागा ठरलेली आहे. मग तिने लिहिलं:

majla = majla + 1;

"हे चूक आहे," मी म्हणालो. "तिसरा मजला आणि चौथा मजला सारखे कसे होतील? शाळेत असं लिहिलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं."

"हे बरोबरचं चिन्ह नाही काका. उजवीकडे जे येईल ते डावीकडच्या कप्प्यात ठेव, असा हुकूम आहे तो."

"मग बरोबर आहे का, हे विचारायचं असेल तर?"

"तेव्हा तेच चिन्ह दोनदा लिहायचं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून दादाचं हसणं ऐकू येत होतं. डोकं इतकं भणभणलं होतं की घरी जाताना मी एक रस्ता आधीच वळलो.

खरा घोळ तिसऱ्या आठवड्यात झाला. मास्तरीण म्हणाली, "आज majla नावाचा कप्पा करा, त्यात काहीही ठेवू नका, आणि काय आहे ते छापा."

"काही ठेवलंच नाही तर काय छापणार? कोरं येईल."

"करून बघा."

मी केलं. पडद्यावर आलं ३२७६४.

सात मजल्यांच्या माझ्या इस्पितळात बत्तीस हजार सातशे चौसष्टावा मजला. मी चष्मा पुसला. दादा काठीच्या आधाराने पुढे झुकला. "बत्तीस हजारच आहेत ना गं? मला दिसतं तसंच आहे ना? तू वाच बघू."

ही दादाची सवय. औषधाच्या बाटलीवरचं नाव, बसचा नंबर, विजेच्या मीटरवरचे आकडे, सगळं तो दुसऱ्याकडून वाचून घेतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत. तरी घरात प्रत्येक आकडा दोनदा वाचला जातो. मास्तरणीला लहानपणापासून त्याची सवय आहे. तिने निमूट वाचला.

"तेवढेच आहेत बाबा. काका, हा कचरा आहे. जागा आपल्याला मिळते, पण ती कोरी नसते. आधी कुणी वापरलेली असते, त्याचं उरलंसुरलं तसंच पडलेलं असतं. म्हणून कप्पा केला की आधी त्यात शून्य ठेवायचं. लिहा, int majla = 0, झालं."

"शून्य लिहिलं की डबा खाली येतो?"

"कुठला डबा?"

"लिफ्टचा." लिफ्टच्या ज्या खोलीत माणसं उभी राहतात तिला आम्ही डबा म्हणतो. "डबा पाचव्यावर अडकलेला असेल आणि मी इथे शून्य लिहिलं, तर लोकांना दिसेल शून्य. डबा असेल पाचवर."

"अहो काका, इथे लिफ्ट नाही. हा फक्त प्रोग्राम आहे. शून्य लिहा."

माझं बोट शून्याच्या बटणावर होतं. ते खाली जाईना. मी म्हणालो, आज डोकं चालत नाही, उद्या बघू, आणि उठलो. मास्तरणीला वाटलं, काकांना समजलं नाही. समजलं होतं. भीती वाटली होती.

जुन्या लिफ्टना गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत एक चकती असते, तिच्यावर काटा. काटा जो मजला सांगेल तोच आकडा प्रत्येक दारावरच्या पाटीवर उमटतो. वीज गेली की काट्याचा आणि डब्याचा मेळ सुटतो. मग हाताने चाक फिरवून डबा तळाला आणायचा, खालची कळ दाबली गेली की काटा शून्यावर ठेवायचा. वीस मिनिटांचं काम, दंड भरून येतात. मी नवा होतो आणि दादा इथलाच जुना मेकॅनिक, तेव्हा त्याने मला पहिली गोष्ट हीच शिकवली. आधी डबा खाली, मग काटा.

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी वीज गेली आणि आली. वर मी होतो. मला भूक लागली होती. डबा तिसऱ्यावर थांबल्याचा आवाज आपण ऐकला, असं मला वाटलं. मी चाकाला हात लावला नाही. काटा नुसता उचलून तीनवर ठेवला. डबा पहिल्यावर होता. दादाने तिसऱ्या मजल्यावर पाटी बघितली, किल्लीने दार उघडलं आणि हत्यारांची पिशवी घेऊन पाऊल आत टाकलं.

आवाज झाला तसे सगळे खाली धावले. मी नाही धावलो. मी आधी काटा एकवर आणला, मग खाली गेलो. त्याची लाज मला आजही वाटते, दादाच्या मोडलेल्या पायापेक्षा त्याची जास्त वाटते. चौकशीला माणसं आली, त्यांना काटा एकवर दिसला. कागदावर लिहिलं गेलं, कामगाराने पाटी चुकीची वाचली. इस्पितळातल्या खाटेवरून दादाही तेच म्हणाला. "एक असेल रे. मला तीन दिसला असेल. माझंच लक्ष नव्हतं." मी त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होतो. काही बोललो नाही. आणि पहिल्या दिवशी जे तोंडातून निघालं नाही ते दुसऱ्या दिवशी कसं निघणार? असे दिवस साचत गेले.

पुढचे तीन आठवडे मी घोकंपट्टी केली. while म्हणजे "जोवर अमुक तोवर तमुक", हे पाठ झालं पण गळी उतरेना. एकदा माझा "जोवर" संपेचना. पडद्यावर "नमस्कार नमस्कार" धो धो वाहायला लागले. मी सवयीने मेन स्विच बंद केला. घरातला पंखा, दिवा, फ्रीज, सगळं गार. संगणक मात्र बॅटरीवर नमस्कार करतच होता.

"चालू दे," दादा म्हणाला, "आयुष्यात एवढा मान मला कुणी दिला नाही."

परीक्षा इस्पितळाच्याच बैठकीच्या खोलीत झाली. अकरा जण, प्रत्येकापुढे एक संगणक, पाच प्रश्न, दीड तास, वीस मार्कांना पास. तपासायला पॅनलवाल्या कंपनीची इंजिनियर बाई, वयाने माझ्या पुतणीएवढी. पहिले दोन प्रश्न मी कसेबसे सोडवले. तिसरा मी दोनदा वाचला.

"खालील प्रोग्राम लिफ्ट सुरू होताना मजला दाखवतो. आकडा चुकीचा येतो. दुरुस्त करा." खाली int majla, असा मोकळा कप्पा. आठ मार्क.

उत्तर मला ठाऊक होतं. बरोबरचं चिन्ह आणि शून्य. बाजूच्याने दोन मिनिटांत लिहून पान उलटलं. मीही बोट शून्यावर नेलं, आणि पुन्हा तेच, ते खाली जाईना. स्वतःलाच शिव्या घातल्या. अरे गाढवा, इथे लिफ्ट नाही, कुणाचा पाय नाही, आठ मार्क आहेत, पार्किंगचं खोकं आहे. घड्याळ पुढे चाललं होतं.

प्रश्नपत्रिकेच्या मागे तयार हुकमांची यादी होती. डबा एक पाऊल खाली ने. वर ने. तळाची कळ दाबली आहे का सांग. ती वाचता वाचता मला गच्चीवरची खोली दिसली. चाक फिरव. कळ दाबली गेली का? नाही. फिरव. दाबली गेली का? नाही. फिरव. म्हणजे जोवर कळ दाबली जात नाही तोवर. अरेच्चा, while म्हणजे हे होय. हे तर मला दादाने एकतीस वर्षांपूर्वीच शिकवलं होतं.

मी लिहायला घेतलं. अर्धविराम विसरलो, बारा बोंबा आल्या, सापडला. कंस एक कमी, तो सापडला. जोवर तळाची कळ दाबलेली नाही तोवर डबा खाली ने. ते संपल्यावर, सगळ्यात शेवटी, majla = 0. एवढ्यात पाऊण तास गेला. चौथा प्रश्न अर्धा झाला, पाचवा बघितलाही नाही.

इंजिनियर बाई तिथल्या तिथे तपासत होत्या. माझ्यापाशी आल्या, भुवया वर गेल्या. "काका, हे उत्तर एका ओळीचं होतं."

"एका ओळीने डबा खाली येत नाही बाई."

"इथे डबा कुठे आहे?"

"उद्या असेल ना."

त्या माझ्या चार ओळींकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि परत पहिल्यापासून वाचलं. आठपैकी आठ दिले. बेरीज आली एकवीस. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"थोरल्या भावाने."

"ते प्रोग्राम लिहितात?"

मी नुसती मान हलवली आणि बाहेर पडलो.

घरी दादा आणि मास्तरीण दोघं दाराकडे डोळे लावून बसले होते. मी एकवीस म्हणालो तसा दादाने काठीने टेबल वाजवलं. मास्तरणीने तिसरा प्रश्न काय होता ते विचारलं आणि माझे मार्क आणि माझ्या ओळी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतल्या. "काका, नुसतं शून्य लिहायचं होतं. किती वेळा सांगितलं."

"त्याने बरोबर केलं," दादा म्हणाला. छाती फुगली होती त्याची. "तुझ्या कॉलेजात नसेल शिकवत. आधी डबा खाली, मग काटा. मी शिकवलंय त्याला. हा कधी विसरला नाही. विसरलो तो मी. पाटीवर एक होता, आणि मी आंधळ्यासारखा तीन समजून..."

"दादा, पाटीवर तीनच होता."

मी उभाच होतो, बसायचं धाडस होईना.

"काटा मी ठेवला होता. डबा खाली न आणता. तीनवर. तू पडल्यावर मी तो एकवर फिरवला, मग खाली आलो. मला तेव्हाच सांगायचं होतं. मला भीती वाटली. मग लाज वाटली."

मास्तरणीने पेन खाली ठेवलं. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. दादा टेबलाच्या लाकडाकडे बघत होता. मी वाट बघत होतो की तो काठी उचलेल, उचलायलाच हवी होती.

"तीन होता?" त्याने विचारलं.

"तीन."

"नक्की? तू बघितलास?"

"मीच ठेवला होता दादा."

त्याने हात लांब करून मास्तरणीपुढचा कागद ओढला. त्यावरचा मजल्याचा आकडा, माझे मार्क, कोपऱ्यात तिने टिपलेला कुणाचा तरी फोन नंबर, सगळं त्याने एकेक करून वाचलं. मोठ्याने. एकदाच. कुणालाही न विचारता. मग कागद खाली ठेवला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"म्हणजे मी नीट वाचलं होतं," तो म्हणाला.