आपला भाग पुढारला

"अगं, हात सैल सोड. कॉलर आहे ती, सासू नाही. एवढं घाबरायला काय झालं?"

डोंगराकडून आलेली पोरगी हसली आणि तिची शिलाई पुन्हा वाकडी गेली. कॉलरताईनं तिच्या हातातलं कापड घेतलं, उसवलं आणि परत दिलं. शर्टांच्या त्या कारखान्यात कॉलरचं टेबल तिचं, म्हणून सगळे तिला कॉलरताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या मशीनलाच काय ते ठाऊक.

मागच्या आठवड्यात मॅनेजरनी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "अभिनंदन! सरकारदरबारी आपला भाग आता मागास राहिलेला नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. कॉलरताईनं तर अंमळ जास्तच. रस्ते झाले होते, पगार वाढले होते, घरोघरी पंखे फिरत होते. हे कुणाच्या तरी नजरेत भरलं, याचंच तिला कौतुक. टाळ्या थांबल्यावर मॅनेजर चपलांकडे बघत म्हणाले, मागास भागाला मिळणारी करसवलत त्यामुळे संपली. आणि हो, डोंगराकडच्या मुली शिकायला येतील, त्यांना सांभाळून घ्या.

अर्थ लागायला जेवणाची सुट्टी उजाडावी लागली: सवलतीमागोमाग कारखानाही आता डोंगराकडे जाणार. "म्हणजे स्वतःच्याच मयताला टाळ्या वाजवल्या की आपण!" डबा बंद करत बटणवाली म्हणाली होती.

आता तीच बटणवाली शेजारच्या मशीनवरून झुकली. "ताई, तो फास नको हं दाखवूस तिला."

कॉलर उलटी शिवायची आणि मग सुलटी करायची. सुलटी करताना टोक आतच अडकतं. ते कात्रीनं ढोसलं की भोक पडायची भीती, नाही ढोसलं तर टोक गोल, मेंगळट. कॉलरताई शिवतानाच टोकात दोऱ्याचा एक फास ठेवायची. नंतर दोरा ओढला की टोक सुईसारखं बाहेर. साहेबलोकांनी दिलेल्या शिकवणीत हे नव्हतं. हातून हातात आलेलं होतं.

"नाही दाखवलं, तर माल परत येईल त्यांचा," बटणवाली कुजबुजली. "मग मालक झक मारत कारखाना इथंच ठेवतील."

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. कॉलरताईच्या घरी नवऱ्याची पाठ धरलेली, लेकीचं कॉलेज अर्ध्यावर. गावात दुसरं काम नाही. मोठ्या शहरात जावं, तर तिथं आता काचेच्या इमारती; त्यांना कॉलर घालणारे हवेत, शिवणारे नकोत. आपण धापा टाकत एक चढ चढावा, तोवर पुढचे लोक आणखी दोन चढ वर गेलेले. आणि ही पोरगी तर अजून पायथ्याशीच उभी.

"ताई, तुम्हाला कुणी शिकवलं?" पोरीनं विचारलं.

"मोठ्या शहरातल्या एका मावशींनी. कारखाना आधी तिथं होता ना. आम्हीही अशाच शिकायला गेलो होतो, तुझ्यासारख्याच घाबरत."

"मग त्या मावशी आता काय करतात?"

कॉलरताईचा पाय पायडलवर थबकला. तिला मावशींची बोटं आठवत होती, चष्म्याला बांधलेली दोरी आठवत होती. पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही गं."

"आमच्याकडे लाईट निम्मा दिवस नसते. पण साहेब म्हणाले, कारखाना आला की आमचाही भाग पुढारेल."

"पुढारेल की. टाळ्या तेवढ्या जपून वाजवा."

पोरगी गोंधळून बघत राहिली. तिच्या हातातल्या कॉलरचं टोक चुरगळून गेलं होतं आणि ती कात्रीनं ते ढोसायला निघाली होती. कॉलरताईला ते बघवेना.

"ठेव ती कात्री. इकडे बघ. शिवण टोकाला आली की दोरा असा घालायचा. आता सुलटी कर. ओढ. हळू!"

टोक लख्ख बाहेर आलं. पोरीनं ते बोटाला टोचून बघितलं.

बटणवालीनं मशीन थांबवलं. "दाखवलंसच ना शेवटी?"

"मग काय भोकं पाडायला शिकवू? नाही जमत मला."

"आणि आपलं काय?"

कॉलरताईनं पुढची कॉलर सुईखाली सरकवली.

तेवढ्यात मशीनमिस्त्री टेप आणि खडू घेऊन रांगेत शिरला. ट्रकमध्ये कुठली मशीनं आधी चढवायची, त्यांवर तो खुणा करत होता. कॉलरताईपाशी येऊन अवघडला.

"ताई, जरा पाय काढता?"

"थांबा. एवढी शिलाई होऊ दे."

तो खडू हातात धरून उभा राहिला. तिनं शिलाई शेवटापर्यंत नेली, घाई न करता. दोरा कापला. मग पाय जवळ ओढून घेतले.

त्यानं वाकून मशीनच्या पायावर पांढरी फुली मारली आणि पुढे गेला. कॉलरताईनं फडकं घेतलं, मशीनवरचे धागे, धूळ, तेलाचे ओघळ निगुतीनं पुसून काढले. फुलीला तेवढा हात लावला नाही. मग पोरीला म्हणाली, "बस इथं. याचा पायडल जरा जड आहे, सवय करून घे."