जावयाच्या बॅगेवर सासूचा पत्ता

जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण उरलेल्या नवांना निदान दुकान थाटायची हौस नसते. चेनबाईंच्या जावयाला ती होती.

चेनबाई म्हणजे बॅगा दुरुस्त करणाऱ्या बाई. अडकलेली चेन त्यांच्या हातात गेली की निमूट चालू लागते, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. मुलगा चाकं आणि दांड्या बदलतो, बाई चेन आणि शिवण बघतात. प्रवासाच्या आदल्या दिवशी माणूस घायकुतीला येतो, फोनवर शोधतो आणि यांच्या वेबसाइटवरून थेट दारात येऊन उभा राहतो. निम्मं दुकान त्या एका पत्त्यावर चालत होतं.

तो पत्ता, म्हणजे डोमेन, घेऊन दिला होता जावयानेच. लग्न नवं होतं, सासूवर छाप पाडायची होती. पण तेव्हा तो नोकरीत होता आणि नोकरीत जोडधंद्याला मनाई. म्हणून साहेबांनी सावधपणे मालक म्हणून सासूचं नाव घातलं, कार्डही सासूचंच लावलं, आणि पासवर्ड तेवढा आपल्याकडे ठेवला. किल्ली ज्याच्या कमरेला, घर त्याचं, असा हा हिशेब.

पुढे नोकरी सुटली. जावयाने दुकानात भागीदारी मागितली. बाईंनी विचारलं, सुई धरता येते का? प्रश्न साधा होता, पण त्याच्या वर्मी बसला. त्याने गल्लीच्या टोकाला नव्या बॅगांचं दुकान टाकलं, बायकोला माहेरची पायरी चढायची नाही असं बजावलं, आणि एका सकाळपासून कुणीही चेनबाईंचा पत्ता टाइप केला की जावयाचं दुकान उघडायला लागलं. कुणी जुनी बॅग घेऊन गेलंच तर तो तोंड पाडून सांगायचा, ते दुकान बंद पडलं हो, बाईंना आता दिसत नाही. मग नवी बॅग गळ्यात मारायचा.

नुसतं बंद पडलं म्हणाला असता, तर बाईंनी चार शिव्या देऊन विषय सोडलाही असता. 'दिसत नाही' हे लागलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने ते सांगितलं तेव्हा बाई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा पहिल्या फटक्यात गेला आणि बाई म्हणाल्या, बरं.

मुलगा मात्र पेटला. डोमेनच्या नूतनीकरणाचे पैसे दर वर्षी आईच्याच कार्डावरून जातात हे त्याला ठाऊक होतं. ते आधी बंद करू म्हणाला.

"खुळा आहेस," बाई म्हणाल्या. "पैसे थांबले की नाव सुटेल, आणि सुटलेलं उचलायला तुझे भावोजी पुढे उभे असतील. भरत राहा. भरतोय तोवर आपलं आहे."

मुलाने डोमेन देणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली. उत्तर आलं, की नोंदीत मालक बाईच आहेत. त्यांनी ओळखपत्र आणि कार्डाची नोंद पाठवली, तर आम्ही खातेदाराच्या मेलवर सूचना देऊ, आणि मुदतीत हरकत आली नाही तर खातं त्यांच्या हवाली करू. मुलगा लगेच कागद पाठवायला बसला. बाईंनी त्याचा हात धरला.

"थांब. त्याला आधी छापू दे."

सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर होता. जावयाने मोठा माल मागवला होता. पाटी, टेम्पो, पिशव्या, सगळ्यांवर तोच पत्ता. हौस एवढी, की प्रत्येक बॅगेच्या आत त्या पत्त्याची कापडी पट्टी पक्क्या टाक्याने शिवून घेतली. तोवर चेनबाईंच्या दुकानात माश्या मारायचं काम जोरात होतं. मुलाचा जीव टांगणीला लागला होता. बाई रिकामपणी जुन्या चेनी मेणाने घासत बसायच्या.

माल विकला जाऊ लागला, तसे बाईंनी कागद पाठवले. सूचना जावयाला गेली, पण त्याने वाचली नाही. 'मालकाची माहिती तपासा' म्हणून ही कंपनी दर वर्षी मेल पाठवायची. त्या कटकटीला वैतागून त्याने तिचे सगळे मेल परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय करून ठेवली होती. हुशार माणूस. मुदत संपली, खातं बाईंकडे आलं. मुलाने पासवर्ड बदलला, नाव दुसरीकडे हलू नये म्हणून कुलूप लावलं, आणि जुनं दुकान पुन्हा पत्त्यावर बसवलं.

नव्या बॅगांच्या स्वस्तातल्या चाकांनी आपलं काम चोख केलं. लोक चिडून पट्टीवरचा पत्ता उघडायचे आणि चेनबाईंच्या दारात हजर व्हायचे. बाई बॅग उलटी करून म्हणायच्या, "आणा, दिसतं हो मला."

शेवटी जावई आला, सोबत बायको. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. 'तुम्ही लोक' म्हणणारा आता आई म्हणू लागला. हंगामापुरता पत्ता माझ्याकडे वळवा, म्हणाला. बाई चेन ओढत राहिल्या.

"हिच्याकडे बघून तरी," त्याने बायकोला पुढे केलं.

"तिच्याकडे बघूनच नुसतं नाव परत घेतलं. नाहीतर पोलीस चौकी काय लांब नव्हती."

मग त्याने मागणी खाली आणली. निदान एक ओळ टाका, की नव्या बॅगांचं दुकान वेगळं आहे. बाईंनी विचार केला. एक ओळ द्यायला हरकत नव्हती. त्यांनी मुलाला सांगितली, मुलाने टाइप केली आणि स्क्रीन जावयाकडे फिरवली.

"वाचा मोठ्याने. नंतर तक्रार नको."

जावयाने वाचलं. "नव्या बॅगांचं दुकान गल्लीच्या टोकाला आहे. चाक निघालं की इकडे या."

त्याने घाम पुसला. हेही नसे थोडके, असं काहीतरी पुटपुटून तो उठला. बायको उठली नाही. इतक्या महिन्यांनी आईच्या दुकानात आलेली लेक स्क्रीनकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "'चाक निघालं की'च्या जागी 'चाक लवकरच निघेल, मग' घाल."

जावई दारात थांबला. बाईंनी पहिल्यांदा चेनीवरून नजर उचलली, लेकीकडे बघितलं, आणि मुलाला म्हणाल्या, "घाल. आणि मालकांत हिचं नाव घालायचं असेल तर काय कागद लागतात, तेही विचार."