पायाखालची हाक

तिला सगळे पावतीताई म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, आणि समोरचा देवो न देवो, बसल्याबसल्या पुस्तक उघडून मांडीवर ठेवायची सवय, त्यामुळे हे नाव पडलं ते पडलंच. कर्णबधिर मुलींच्या ज्या शाळेसाठी ती देणग्या गोळा करी, तिथल्या मुलींनी तर खुणांच्या भाषेतही तिला तेच नाव दिलं होतं. डाव्या तळहातावरून उजव्या हाताने कागद टरकवल्यासारखं करायचं, की झाली पावतीताई.

नवव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. तोवर बोलायला आलेलं होतं म्हणून बोलणं राहिलं, पण आवाज किती चढतो नि किती उतरतो ते हातात राहिलं नाही. तिची वहिनी म्हणे, "तुम्ही मागताय की दरडावताय, तेच कळत नाही लोकांना." पावतीताईचं उत्तर ठरलेलं, "मागून कुठे देतात? दरडावूनच देतात." समोरच्याचे ओठ वाचून ती काम भागवी. नाही म्हणायचं असलं की माणसं मान फिरवून बोलतात, हे तिला वीस वर्षांत पाठ झालं होतं. मान फिरली की ती म्हणे, "इकडे बघून नाही म्हणा, म्हणजे मला कळेल." निम्म्या लोकांना ते जमत नसे, आणि मग पाकीट निघे.

निवृत्त वकिलांच्या घरी ती गेली ती अशीच एका दुपारी, कुणीतरी पत्ता दिला म्हणून. रस्त्याच्या टोकाला दुमजली घर. राहणं वरच्या मजल्यावर, तिथे सगळीकडे लाकडी जमीन, पॉलिश केलेली, म्हणून चपला जिन्यातच काढायच्या. वकिलांची मिशी भरघोस होती आणि त्यांचे निम्मे शब्द त्या मिशीतच अडकत. त्यांची बायको खिडकीपाशी बसली होती. बारीक चणीची, पाय जमिनीला घट्ट टेकून बसलेली म्हातारी. पावतीताईने शाळेचे फोटो दाखवले, वसतिगृहाचा खर्च सांगितला. वकिलांनी मान डोलावली, चष्मा शोधला, एक लहानशी रक्कम सांगितली. ती पावती लिहायला वाकली, तोच तिच्या तळव्यांना धक्के बसले. दोन, जरा थांबून एक.

ती चटकन मागे वळली.

बहिऱ्या मुलींच्या शाळेत कुणी कुणाला तोंडाने हाक मारत नाही. वर्गांना मुद्दाम लाकडी जमीन करून घेतलेली असते, तिच्यावर पाय आपटायचा. धक्का फळ्यांतून समोरचीच्या पायात चढतो आणि ती मागे बघते. लहानपणापासून पावतीताई अशीच वळत आली होती, त्यामुळे वळल्यावरच तिच्या लक्षात आलं की ही शाळा नव्हे. मागे फक्त एक बंद दार होतं.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

"कोणी नाही," वकील म्हणाले. "आम्ही दोघंच."

पुन्हा धक्के आले. दोन, एक. खालून रस्त्यावरून गाडी गेली तर जमीन नुसती शिरशिरते. हे तसं नव्हतं. यात टाच होती. तिने वकिलांकडे पाहिलं, ते रक्कम पुन्हा सांगत होते. मग तिची नजर म्हातारीकडे गेली. म्हातारी तिच्याचकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. तिचा गळा हलत नव्हता. हातभर अंतरावरच्या नवऱ्याने मान वळवली नाही, म्हणजे तोंडातून आवाज फुटतच नव्हता. ती फक्त ओठांनी विचारत होती, "तुम्हाला कळलं?"

पावतीताईने पावती फाडून दिली आणि ती जिना उतरली. खाली आल्यावर चपला घालायला तिला दोनदा वाकावं लागलं.

चार दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर चिठ्ठी आली. मंगळवारी चार वाजता साहेब फिरायला जातात, तेव्हा या. पावतीताईने जायचं नाही असं ठरवलं आणि मंगळवारी चारला पाच मिनिटं कमी असताना ती दारात उभी होती.

म्हातारीने तिला थेट त्या बंद खोलीत नेलं. एक अरुंद खाट, एक कपाट, खिडकीला जाळी. खाटेच्या पायाशी जमिनीवरचं पॉलिश थाळीएवढ्या गोलात उडालेलं होतं आणि तिथलं लाकूड जरासं खोलगट झालं होतं.

"मुलगी होती मला," म्हातारी म्हणाली. आता ती नीट, सावकाश, तोंड समोर ठेवून बोलत होती. "जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तेव्हा अशा शाळा दूर होत्या. साहेब म्हणाले, लोकांच्या तोंडी कशाला द्यायची, घरीच ठेवू. मीही हो म्हटलं. ती इथून पाय आपटायची. दोन, मग एक. म्हणजे मला बोलवायची."

"आणि तुम्ही यायचात?"

"हात रिकामा असला तर." म्हातारीने खोलगट जागेकडे पाहिलं. "अकराव्या वर्षी छातीत कफ होऊन गेली. सव्वीस वर्षं झाली. आपल्याला काही नाव आहे, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं हो. आपण सांगणार कसं?"

पावतीताईने दोन्ही पाय फळीवर घट्ट टेकले. तिच्या पायाला काही लागत नव्हतं.

"मी खोलीत आले की थांबतं," म्हातारी म्हणाली. "बाहेर गेले की सुरू. मला तिला उत्तर देता येत नाही, काकुळतीला आले तरी. तुम्ही त्याच जगातल्या. तुम्ही द्या."

पावतीताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण उजवी टाच उचलून तिने जमिनीवर आपटली. दोन, मग एक. काहीच झालं नाही. ती सुस्कारा टाकणार, इतक्यात ती उभी होती त्याच फळीवर, दोन बोटांच्या अंतरावरून, इतक्या जोरात धक्के आले की घोट्यापर्यंत हाड झणझणलं. दोन. एक. दोन. एक. दोन. एक. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली होती.

म्हातारीने तिचा हात धरला. पाच मुलींचा वर्षाचा वसतिगृहाचा खर्च मी देईन, म्हणाली, माझे माहेरचे पैसे आहेत, साहेबांना विचारायला नको. फक्त दर मंगळवारी यायचं.

पावतीताईची रात्रीची झोप उडाली. पैसे हवे होते, पाच मुली यादीत वाट बघत होत्या. पण मेलेल्या पोरीचा निरोप्या होऊन आईकडून पैसे घ्यायचे, ही तर शुद्ध भोंदूगिरी. शेवटी तिने मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. मुख्याध्यापिका शिस्तीच्या, ऐकू येणाऱ्या, पण खुणा अशा करत की हवा कापली जावी. त्या हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"किती वर्षांची म्हणालीस?" त्यांनी हातांनी विचारलं.

"अकरा."

"आणि काहीच शिकवलेलं नाही?"

"काहीच नाही."

मुख्याध्यापिकांनी समोरची यादी बाजूला सारली. "मग शिकव. पैसे घेतेस तर शिकवण्याचे घे. नुसती ओ द्यायला जाणार असशील तर जाऊ नकोस."

म्हणून ती शिकवायला गेली. खाटेवर बसायची, पायाखाली फळी. एक ठोका द्यायची आणि थांबायची. मग दोन. मग तीन. पलीकडून येई ते नेहमीचंच, दोन आणि एक. तिसऱ्या मंगळवारी पलीकडून नुसता एक ठोका आला. तो इतका हलका होता, की वाटावं, पाय टेकवण्याआधी कुणी थंड पाण्याला अंगठा लावून बघतंय. पावतीताई घामाघूम झाली होती. भीती गेली नव्हती. खोलीत दिवसाढवळ्या ऊन असायचं, खाली रस्त्यावर माणसं दिसायची, आणि तरी प्रत्येक ठोक्यानंतर तिला वाटे, आता खाटेखालून कुणी घोटा धरेल. पण वर्गात बसलं की समोर मुलगी असो वा भूत, शिकवायचं असतं, आणि शिकवताना तिला भ्यायला वेळ होत नसे.

पुढच्या मंगळवारी ठोके शिकवता शिकवता ती चारपर्यंत पोचली होती, तेव्हा म्हातारीचा चेहरा एकदम पांढरा पडला. पावतीताईने वळून पाहिलं. दारात वकील उभे होते, हातात काठी, बूटसुद्धा न काढता. ठोक्यांच्या नादात त्यांची पावलं तिच्या पायाला वेगळी लागलीच नव्हती, आणि म्हातारीने ऐकूनही उशिरा ऐकलं होतं.

"हे काय चाललंय माझ्या घरात?" एवढं मिशीतून कळलं. पुढचं कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. लबाडी, पोलीस, म्हातारीला नादी लावणं, असले शब्द तोंडाची ठेवण बघूनच ओळखू येतात.

पावतीताईने टाच उचलली आणि सावकाश चार ठोके दिले.

जमिनीने पाच दिले.

वकिलांची काठी पडली. त्यांनी दाराची चौकट धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते बघून म्हातारी उठून उभी राहिली.

"तुम्हाला लागतं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला लागतं?"

वकील खाटेच्या कडेवर बसले. "मी डॉक्टरला सांगायचो, पायाला मुंग्या येतात," ते म्हणाले. "गोळ्या घेत होतो." मग ते पावतीताईकडे वळले, आणि मिशी दोन बोटांनी वर धरून, तिला ओठ दिसतील अशा बेताने त्यांनी विचारलं, "ती काय म्हणते?"

"काही म्हणत नाही, काका," पावतीताई म्हणाली. "हाक मारते. दुसरा शब्दच नाही तिच्याकडे."

त्या दिवसापासून वकील फिरायला जाईनासे झाले. तिघंही मंगळवारी खोलीत बसू लागले. सहा ठोके झाले, सात झाले, दहा झाले. दहा झाले त्याच्या पुढच्या मंगळवारी खोली गप्प होती. पावतीताईने दोन आणि एक दिले, पुन्हा दिले, टाच दुखेस्तोवर दिले. दुसऱ्या आठवड्यातही तेच. म्हातारी पाय टेकून बसून राहिली, आणि तिने एवढंच विचारलं, "आता कुठे गेली असेल?"

ते कळलं बुधवारी सकाळी. पावतीताई पहिलीच्या वर्गाच्या दारावरून चालली होती. आत बाई फळ्यावर लिहीत होत्या. अचानक बाराच्या बारा मुली एकदम मागे वळल्या, मागच्या भिंतीकडे, जिथे कुणीही नव्हतं. दारात उभ्या पावतीताईलाही ते लागलं होतं. दोन, एक. बाईंनी वळून पाहिलं. ऐकू येणाऱ्या बाईंना काही कळलं नव्हतं. त्यांनी खुणेने विचारलं, काय झालं? सगळ्यात लहान मुलीने हात उचलून सांगितलं, कुणीतरी हाक मारली. आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

पावतीताई त्याच दुपारी म्हातारीला घेऊन आली. मागचा बाक तिला दिला. म्हातारीने चपला काढल्या, पाय फळीवर ठेवले आणि डोळे मिटले. तेव्हापासून ती रोज येते. वकील तिला सोडायला येतात, वर्षाचा धनादेश कार्यालयात देतात, पण वर्गात येत नाहीत. बाहेर पटांगणात उभे राहतात. मातीत धक्का पोचत नाही.

मुलींपैकी कुणीही घाबरलं नाही. त्यांनी त्या हाक मारणारीला खुणांमध्ये एक नाव देऊन टाकलं, तळहातावर दोन बोटांनी तीनदा टकटक करायची, आणि आकडे म्हणताना तिची पाळी आली की त्या थांबतात. भीती वाटते ती पावतीताईला. गेल्या महिन्यात तिने लहानगीला सहज विचारलं, ती केवढी आहे गं? लहानगीने आधी कमरेशी हात धरला, मग नाही म्हणून मान हलवली आणि हात खांद्याइतका वर नेला.

"तुला कसं ठाऊक?"

"पहिल्यापेक्षा पाय जड झालाय," मुलीने हातांनी सांगितलं.

म्हातारी बघत होती. "वाढली," ती म्हणाली, आणि गळा हलला नाही.

पावतीताई कार्यालयात जाऊन बसली. वकिलांची पावती लिहायची राहिली होती. तिने तारीख घातली, आणि टेबल हललं. पलीकडच्या वर्गातून धक्के येत होते, एकामागून एक, तिने शिकवले होते त्याच्या कितीतरी पुढचे. पेन उचलून धरून ती थांबली. धक्के थांबले तेव्हा तिने रक्कम लिहिली.