पडद्याखालचे पाय

“शंभर टक्के?” मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

“शंभर टक्के,” सिस्टर म्हणाल्या, आणि आवाजात जरा जास्तच मिजास आली की काय असं वाटून त्यांनी मांडीवरची पर्स उगाच सरळ केली.

“एकही पेशंट नाही म्हणाला नाही?”

“नाही ना. सगळे रोज पाय तपासतात. तळव्यांसकट.”

“सिस्टर, तुमच्या घरात सगळे एकाच वेळी एखाद्या गोष्टीला हो म्हणालेत असं कधी झालंय?”

सिस्टरनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. घरात त्या आणि त्यांचे यजमान अशी दोनच माणसं होती, तरी असा प्रसंग काही आठवेना.

मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात सिस्टरनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. दर मंगळवारी तपासणीआधी त्या पेशंटना ‘पायांची काळजी’ या विषयावर भाषण देत. हे भाषण म्हणजे त्या इस्पितळातला एकमेव करमणुकीचा कार्यक्रम होता. नखं कापणाऱ्या नवऱ्याची त्या अशी नक्कल करीत की, औषधाच्या खिडकीवरची रांग मोडून लोक ऐकायला येत. मोठ्या डॉक्टरांच्या मनात ते भाषण छापून सगळ्या दवाखान्यांत वाटायचं होतं, आणि सिस्टरना आरोग्य शिक्षिकेची जागा द्यायची होती. फक्त त्या जागेला पदवी लागे. म्हणून निवृत्ती हाकेच्या अंतरावर आली असताना सिस्टर पुन्हा बाकावर जाऊन बसल्या. वर्गातल्या मुली त्यांना मावशी म्हणत आणि परीक्षेच्या आधी त्यांच्या डब्यावर तुटून पडत.

आरोग्यशिक्षणाचे बाकीचे विषय सिस्टरनी हा हा म्हणता उरकले. अडलं ते संशोधन पद्धती आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान या जोडगोळीपाशी. ते शिकवणाऱ्या मॅडम सिस्टरच्या थोरल्या भाचीच्या वयाच्या, बारीक आवाजाच्या, आणि कोणतीही गोष्ट लगेच खरी मानायची नाही असं जणू सक्त पथ्य सांगितलेल्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता : ‘मी चूक आहे हे मला कशावरून कळेल?’ अर्धा वर्ग तो उतरवून घेता घेता झोपला. सिस्टर मात्र तो प्रश्न घरी घेऊन गेल्या.

यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. पंख्याच्या वाऱ्याने आपली पाठ धरते असं त्यांचं ठाम मत होतं.

“अहो, पंख्यामुळे धरत नसेल तर ते कशावरून कळेल?” सिस्टरनी भाजी वाढता वाढता विचारलं.

“म्हणजे काय? धरते ना.”

“पण नसेल तर?”

“अगं पण धरते.”

पुढचे काही दिवस सिस्टरनी पंखा बंद ठेवला. पाठ धरलीच. मास्तरांनी शेजारच्यांचा पंखा चालू असल्याचं निदर्शनास आणून दिलं आणि “या बाईने माझ्या घरात कॉलेज घातलंय” असं म्हणून ते कुशीवर वळले. त्या दिवशी सिस्टरना विज्ञानाचं तत्त्वज्ञान पहिल्यांदा समजलं, आणि आपण या माणसाला इतकी वर्षं काहीच का पटवून देऊ शकलो नाही तेही.

स्वतःच्या भाषणाला मात्र हा प्रश्न विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. प्रबंधासाठी त्यांनी गणवेश घालून, त्याच खोलीत, मंगळवारच्या पेशंटना स्वतःच विचारलं होतं, “काय हो, पाय रोज बघता ना?” आणि एखादा अडखळला तर “बघताच की तुम्ही” असं म्हणून त्याला हातभारही लावला होता.

हे त्यांनी मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमचं भाषण निरुपयोगी आहे असं मला दाखवायचं असेल तर मी काय बघू?”

 उत्तर सिस्टरना येत होतं. “पाय,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारच्या पेशंटना भाषण नसे, कारण त्या दिवशी भाषणाचं दालन डोळ्यांच्या विभागाकडे असे. मंगळवारचे आणि शुक्रवारचे पाय शेजारी शेजारी ठेवून तपासायचे असं ठरलं. तपासणार मापकाका. इस्पितळाच्या कारखान्यात पेशंटसाठी खास बूट बनवणारे. त्यांच्याइतके पाय त्या इमारतीत कुणी हाताळले नव्हते. कुणी भाषण ऐकलंय आणि कुणी नाही हे त्यांना कळता कामा नये, म्हणून मॅडमनी खोलीत आडवा पडदा लावायला सांगितला. पेशंट पलीकडे खुर्चीवर, पडद्याखालून फक्त पाय अलीकडे.

“म्हणजे तोंड बघायचंच नाही?” मापकाकांनी विचारलं.

“नाही.”

“बरंय. तसंही माणूस तोंडाने फसवतो. आणि सिस्टर कुठे बसणार?”

“बाहेर,” मॅडम म्हणाल्या. “त्यांच्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं.”

सिस्टर व्हरांड्यात बाकावर बसल्या. आपल्याच इस्पितळात आपण नातेवाइकासारख्या ताटकळतोय हे त्यांना नवीन होतं. आतून मापकाकांचा एकसुरी आवाज यायचा : भेगा आहेत, नखं वाढलीत, बोटांच्या मधे ओल. ऐकून ऐकून सिस्टरना वाटलं, हे सगळे शुक्रवारचेच असणार.

मग दार उघडलं. मापकाका हळू आवाजात म्हणाले, “नियम मोडतोय, पण जरा आत या.”

पडद्याखाली दोन पाय होते. उजव्या अंगठ्याच्या खाली एक जखम, बटणाएवढी, काळपट कडांची. सिस्टरनी ते पाय ओळखले नाहीत. आणि मग पडद्यापलीकडून प्रसन्न आवाज आला, “काय झालं? उत्तम आहेत ना पाय? आम्ही मंगळवारवाले.”

ते टाळीआजोबा होते. पहिल्या रांगेत बसणारे, विनोद येण्याआधीच हसणारे, आणि भाषण संपताच पहिली टाळी वाजवणारे. इतकी वर्षं सिस्टर त्यांच्यासमोर पायांवर बोलत आल्या होत्या, आणि त्यांचे पाय त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

पडदा बाजूला सारून त्या खाली बसल्या. “आजोबा, हे दुखत नाही?”

“छे. ‘दुखत नाही हेच मोठं दुखणं.’ तुमचंच वाक्य. मला सगळं पाठ आहे, म्हणून दाखवू?”

“मग मी विचारलं तेव्हा रोज तळवे बघतो म्हणालात.”

“मग काय नाही म्हणू?” आजोबा गोंधळले. “तुम्ही एवढ्या जीव तोडून सांगता. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाकता येतं का तुम्हाला?”

“वाकणं केव्हाच संपलं. बुटाची नाडीसुद्धा सूनबाई बांधते.” त्यांनी गुडघे चोळले. “पण ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

आजोबांना त्याच खुर्चीसकट सर्जनकडे नेलं. सर्जन म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर अंगठा गेला असता, कदाचित पाऊलही. आता राहील.

आकडेमोड झाली तेव्हा मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या पायांत काहीही फरक निघाला नाही. सिस्टरनी ती दोनदा तपासून घेतली, आणि तिसऱ्यांदा मास्तरांकडून करवून घेतली. मास्तरांनी कागद खाली ठेवला, आणि लग्न झाल्यापासून प्रथमच ते उठून चहा करायला गेले.

मोठे डॉक्टर मात्र समजूतदार होते. “पहिला निकाल छान होता की. तोच घेऊ,” ते म्हणाले. “पुस्तिकेचं सगळं ठरलंय. तुमच्या जागेचंही.”

“सर, तो निकाल लोकांच्या माझ्यावरच्या लोभाचा आहे,” सिस्टर म्हणाल्या. “पायांचा नाही.”

“म्हणजे एवढी वर्षं तुम्ही...”

“हो. एवढी वर्षं.”

पुस्तिका थांबली. जागेचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले, आणि इस्पितळात पुढे बघू म्हणजे काय हे सिस्टरना चांगलं ठाऊक होतं. प्रबंधात त्यांनी दोन्ही निकाल लिहिले आणि पहिला कसा चुकला तेही लिहिलं. आभाराच्या पानावर मापकाका, यजमान, टाळीआजोबा यांच्यानंतर एक ओळ होती : ‘ज्यांनी मला बरं वाटावं म्हणून खोटी उत्तरं दिली, त्या सर्वांची मी ऋणी आहे.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ही ओळ काढायला सुचवलं. मॅडम बारीक आवाजात म्हणाल्या, “सर, या प्रबंधातला तो एक महत्त्वाचा निष्कर्ष आहे.” ओळ राहिली. पदवीही मिळाली.

निकालाच्या दिवशी सिस्टरनी मॅडमना जिन्यात गाठलं. “तुम्ही मला नापास केलं असतंत तरी चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “पण तेव्हा विचारलं नसतंत, तर एक पाय गेला असता. आणि मी टाळ्या घेत बसले असते.”

“मी फक्त प्रश्न विचारला हो,” मॅडम म्हणाल्या, आणि पर्समध्ये नसलेली किल्ली बराच वेळ शोधत राहिल्या. सिस्टर त्यांचा हात धरून तशाच उभ्या होत्या. जिन्यातली माणसं दोघींना वळसा घालून जात होती.

पुढच्या मंगळवारी दालनात गर्दी होती. सिस्टरनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या आणि सगळ्यांना बूट-चपला काढायला सांगितल्या. लोक नव्या विनोदाच्या आशेने सावरून बसले. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि पहिल्या बाईंना म्हणाल्या, “तुम्ही तळवा कसा बघता, मला करून दाखवा.”

बाई वाकल्या. निम्म्यापर्यंत पोचून थांबल्या, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतला, पुन्हा वाकल्या. समोरून कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. सिस्टरच्या ओठांवर मदतीचा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला, आणि हात मांडीवर ठेवून त्या बघत राहिल्या.