आखाजीचा पत्ता

"नाना, आते तारीख कव्हय शे?" झुंबरबाईनं मला विचारलं.

धुळ्याच्या सेशन कोर्टाबाहेरचा कडुनिंब. तिच्या पोरीला विहिरीत ढकलून मारणारा जावई, उखर्डू, नुकताच सुटला होता आणि टोपी सारखी करत तिच्यासमोरून निघून गेला होता. आणि ही बाई पुढची तारीख विचारत होती! दोन वर्षं दर खेपेला मीच तिला तारीख सांगत आलो. सरकारी वकिलांचा कारकून म्हणजे तारीख सांगणारा माणूस, एवढंच तिला ठाऊक.

"आता तारीख नाही, अक्का. सुटला तो."

"आन् यशोदा? ती नही बोलनी?"

यशोदा ही उखर्डूची शेजारीण. त्यानं ढकललं ते तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. सगळा खटला त्या एका बाईवर उभा होता, आणि तिचं समन्स 'बाई गावात नाही, ठावठिकाणा नाही' असा शेरा घेऊन परत आलं. तिच्या घरची माणसं उखर्डूच्याच भावकीतली, ती कशाला पत्ता सांगतील! जज्जसाहेबांनी याआधी दुसऱ्या कारणांनी दोनदा तारीख वाढवली होती. आमच्या साहेबांनी तिसऱ्यांदा मागितली खरी, पण जळगावची वकिलाची जागा रिकामी, तिथलं कामही यांच्याच गळ्यात. दुसऱ्या दिवशी तिकडे खुनाचा खटला होता. त्यांनी फार ताणलं नाही.

"सापडली नाही ती," मी म्हणालो.

"सापडनी नही?" झुंबरबाई माझ्याकडे बघतच राहिली. "आरे, ती माहेरले जायेल शे, आखाजीले! बठ्ठ्या सासरवाशिनी जातीस. माले कोनी इचारं का?"

हातातली यादी मी उघडून पाहिली. यशोदेच्या नावापुढे एकच पत्ता होता, सासरचा.

साक्षीदारांची नावं-पत्ते कोर्टाला देणं हे माझं काम. बावीस वर्षं करतोय. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तारीख असली की बायकांच्या नावापुढे माहेरचा पत्ताही मी न चुकता लिहीत असे. खानदेशात त्या दिवसांत बाईला सासरी शोधणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तेव्हा कचेरीत आम्ही तिघं होतो. तोतारामभाऊ वारले, अभिमन जळगावला गेला. जागा भरा म्हणून लिहिलं, तर वरून उत्तर आलं, काटकसरीचे दिवस आहेत, भागवा. भागवा म्हणे! दोन हातांनी तिघांचं लिहायचं. या खेपेला चाळीस खटले आणि दीडशेवर साक्षीदार. यशोदेचं नाव लिहिताना आखाजी माझ्या डोक्यातच नव्हती.

पोलिसांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण त्या बाईसमोर जीभ रेटेना.

"अक्का, चूक माझी आहे. तिच्या माहेरचा पत्ता मी द्यायला हवा होता. विसरलो."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आखाजी इसरना तू?" ती म्हणाली. "तुले पोर नही का, नाना?"

"आहे. पारोळ्याला दिलीय."

"मंग, लई उना का तिले?"

"नाही आणलं अजून," मी म्हणालो. प्रमिलेचं कार्ड आलं होतं, 'बाबा, मला माहेरी न्यायला मुराळी कधी पाठवता?' वाचलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. ते वाचूनही मला यशोदा आठवली नव्हती. आणि प्रमिलेला आणायला तरी कोण गेलं? लाज वाटली मला, फार लाज वाटली.

"लई ये तिले," झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मना घर आते कोनी येनार नही. तुनी तं शे ना?"

गाठोडं काखेत मारून ती चालू लागली. तिला फाटकापर्यंत पोचवायलाही मी गेलो नाही. आतून साहेबांची हाक आली होती.

त्यांच्याकडे दोन दिवसांची रजा मागितली. माणूस वाईट नाही हो. डोळे चोळत म्हणाले, "नाना, तुम्ही गेलात तर सोमवारची यादी कोण देणार? मी?"

खरंच होतं ते.

जागेवर येऊन एक कोरं कार्ड काढलं. 'चि. प्रमिलेस अनेक आशीर्वाद. तुला न्यायला मी स्वतः येतो. तारीख' इथवर लिहिलं आणि भिंतीवरच्या खटल्यांच्या तक्त्याकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग कार्ड बाजूला सारलं आणि सोमवारची यादी पुढे ओढली.

पहिलंच नाव बाईचं होतं. त्यापुढे मी सासरचं गाव लिहिलं, आणि माहेरचंही.